कुंग फूमधला 'मा बू' हा पवित्रा घरी शिकतोय, पण गुडघे दुखतात. काय चुकतंय?

बहुतेक गुडघे आत कलंडतायत. समोर आरसा ठेवून बघा: गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे.

'मा' म्हणजे घोडा, 'बू' म्हणजे पाऊल. घोड्यावर मांड ठोकल्यासारखा पवित्रा. पायांतलं अंतर नजरेने ठरवू नका. पाय जुळवून उभे राहा. टाचा रोवून चवडे बाहेर फिरवा, मग चवडे रोवून टाचा बाहेर. हेच आणखी एकदा. शेवटी पावलं समांतर येतात आणि अंतर तुमच्याच पायाच्या मापाचं मिळतं.

आता पाठ सरळ ठेवून खाली बसा. मांड्या जमिनीला समांतर हव्यात हे छांगछुआन या कुंग फूच्या शैलीत खरं, पण पहिल्याच महिन्यात तो हट्ट नको. थोडं वरच थांबा. मला बैठकांची सवय होती, म्हणून वाटलं, यात काय विशेष! २० सेकंदांत मांड्या लटपटायला लागल्या. बैठकेत निदान वर यायची सोय असते, इथे तिथेच ठाण मांडायचं.

कळ मांडीत आली तर चालेल. गुडघ्यात आली की लगेच उठा, आणि आठवडाभर तसंच होत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.