'समावेश' की 'सामावून घेणं'?

प्रश्न असा आला आहे: "मी आरोग्य संशोधनाच्या कागदपत्रांचं मराठी भाषांतर करते. 'इन्क्लूजन क्रायटेरिया'साठी 'समावेशाचे निकष' चालून जातं. पण हल्ली त्याच कागदांत 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन' येऊ लागलंय. तिथे समावेश, समावेशन, सर्वसमावेशकता यांतलं काय लिहू?"

'विविधता' शाळेपासून ओळखीची आहे, ती राहू द्या. अडचण दुसऱ्या शब्दाची आहे. त्यातही 'सर्वसमावेशक' आधी बाजूला काढते. शब्द वाईट नाही, पण तो दुसऱ्या कामात अडकलेला आहे. 'सर्वसमावेशक अहवाल' म्हणजे सगळे मुद्दे आलेला अहवाल. त्यामुळे 'सर्वसमावेशक संशोधन' वाचणाऱ्याला वाटेल, विषयाचा कोपरा न् कोपरा धुंडाळलाय. माणसं कोणती घेतली, कोणती राहिली, हे त्याच्या मनातही येणार नाही. 'समावेशन' वित्तीय समावेशनामुळे रुळलाय खरा, पण त्याला शासन निर्णयाचा वास येतो.

उरला 'समावेश'. 'प्रवेश'मध्ये जो विश् धातू आहे तोच इथे. मराठीत समावेश यादीत होतो, संघात होतो, मंत्रिमंडळात होतो. कुणीतरी करतो, कुणाचं तरी नाव चढतं. निकषांचं काम नेमकं हेच: वय इतकं, आजार अमुक, नाव यादीत. म्हणून तिथे 'समावेशाचे निकष' अगदी बरोबर, आणि त्याच्या शेजारी 'वगळण्याचे निकष'. 'अपवर्जन' कृपया नको.

पण 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन'ची तक्रार मुळात या यादीबद्दलच आहे. 1977 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं की गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावं. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळांना जन्मजात व्यंगं आली होती, त्याची भीती त्यामागे होती. हेतू काळजीचाच. मात्र गर्भनिरोधक वापरणाऱ्या आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या बायकाही त्यात वगळल्या गेल्या. हे धोरण 1993 मध्ये बदललं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, की सरकारी पैशाने होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य समाज असायलाच हवेत. म्हणजे मधली सोळा वर्षं निकष काटेकोर पाळले गेले, तरी निम्मी माणसं दाराबाहेर राहू शकत होती.

इथे मला आपलं साधं क्रियापद आवडतं: सामावून घेणं. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी येते तेव्हा आधीच्या तिघी सरकतात. समावेशात कुणाला सरकावं लागत नाही, सामावून घ्यायचं तर लागतं. संशोधनात हे सरकणं म्हणजे रोजंदारी बुडणार नाही अशी वेळ ठेवणं, एसटीचं भाडं देणं, आणि प्रश्न समोरच्या बाईच्या भाषेत विचारणं. प्रश्नावलीत 'श्वेतप्रदराचा त्रास होतो का?' असं छापलं तर उत्तर 'नाही' येईल. 'अंगावरून पांढरं जातं का?' विचारा, मग बोलणं सुरू होईल. (भाषांतरकाराचं काम किती पुढे पोचतं ते इथे दिसतं.)

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं: 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. दवाखान्यात आलेल्यांपुरतं मोजलं असतं तर हा आकडा हाती लागलाच नसता, कारण यातल्या बहुतेकींची अशी तपासणी आधी कधी झालीच नव्हती.

आता तुमच्या कागदांत 'सब्जेक्ट'ही येत असेल, म्हणजे ज्याच्यावर अभ्यास होतो ती व्यक्ती. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'वापरलेला'! 2024 मध्ये वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यानेही 'सब्जेक्ट' काढून 'पार्टिसिपंट' घेतला. आपल्याकडे 'सहभागी' तयारच आहे. त्यात 'भाग' आहे, आणि भाग म्हणजे वाटाही. निष्कर्ष सहभागींना परत कळवले जातात का, हा प्रश्न त्या शब्दातच बसलेला आहे.

'सामावून घेणं' मोठं पडतं, शीर्षकात अवघडतं, हे कबूल. शिवाय घेणारा घरचा आणि येणारा पाहुणा, अशी एक छटा त्यात राहतेच. म्हणून मी अशी वाटणी करीन: निकषांत 'समावेश', तक्त्याच्या डोक्यावर 'सहभाग', आणि धोरणाच्या वाक्यात क्रियापद मोकळं सोडायचं, 'या अभ्यासात दुर्गम पाड्यांवरच्या स्त्रियांना कसं सामावून घेतलं जाईल?' असं. शीर्षक एका ओळीतच हवं असेल तर 'विविधता आणि समावेशकता' लिहून टाका, मी नाक मुरडणार नाही.