डोळे हुबेहूब, माणूस भलताच

प्रश्न : ताई, आठ महिने रोज रात्री तासभर पोर्ट्रेट काढते. सगळ्यात जास्त मेहनत डोळ्यांवर घेते, अगदी पापण्यांपर्यंत जमतात. घरचे ‘छान’ म्हणतात आणि मग हळूच विचारतात, ‘कोण आहे हा?’ चित्र काढणाऱ्या मैत्रिणीला दाखवलं, ती म्हणाली, ‘सराव कर.’ पण कसला? नवऱ्याचं चित्र आणि ज्यावरून काढलं तो फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर : फोटोही पाठवलात हे फार बरं केलंत. नुसतं चित्र आलं असतं तर मीही ‘छान’ म्हणून मोकळी झाले असते.

फोटो चित्राच्या मापाचा करून घेतला, शेजारी ठेवला आणि पट्टी लावली. तुमच्या चित्रात माथ्यापासून हनुवटीपर्यंत १८ सेंटिमीटर भरतात आणि डोळ्यांची रेषा माथ्यापासून साडेसहावर आहे. फोटोत ती जवळजवळ नऊवर येते. मोठ्या माणसाचं डोकं समोरून पाहिलं की डोळे साधारण निम्म्यावरच असतात (केसांचा फुगा धरू नका, कवटीचा माथा धरा). म्हणजे नवरोबांची अडीच सेंटिमीटर कवटी तुम्ही छाटलीत! वाईट वाटून घेऊ नका, सुरुवातीला बहुतेक सगळे हेच करतात. डोळे, नाक, तोंड बघायला मजा येते. कपाळ आणि डोकं म्हणजे मोकळं रान, तिथं हात जागेची काटकसर करतो. मग उरलेली जागा भरायला नाक लांबलं, हनुवटी जड झाली. डोळे त्यांचेच आहेत हो, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यात बसवलेले.

आणखी एक. फोटोत मान किंचित खांद्याकडे कललेली आहे. डोक्याची आउटलाइन तुम्ही बरोबर कलवलीत, डोळे मात्र पट्टीने आखल्यासारखे आडवे. डोकं कललं की डोळे, नाकाचा तळ, ओठ, सगळ्या रेषा त्याच्याबरोबर कलतात.

तेव्हा पंधरा दिवस डोळे काढायचे नाहीत. डोक्याचा आकार, मधली उभी रेषा, भुवया-डोळे-नाकाचा तळ-ओठ यांच्या आडव्या खुणा, बस्स. डोळ्यांच्या जागी सावलीचे दोन डाग. स्वतःचे डोळे बारीक करून फोटोकडे पाहिलंत की तेवढंच दिसतं. एकाला दहा मिनिटं. मग फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून त्याच खुणा उतरवा आणि तो कागद चित्रावर ठेवा. जिथं चुकलं तिथं लाल पेनने खूण करा. खोडरबर खणात टाका, कारण खोडलेली चूक परत बघता येत नाही. आठ-दहा पानं झाली की लाल खुणा एकाच जागी गोळा व्हायला लागतील. तो तुमचा पुढचा सराव.

आपल्या जुन्या षडंगांतही, म्हणजे चित्रकलेच्या सहा अंगांत, ‘प्रमाण’ दुसरं येतं आणि ‘सादृश्य’ (हुबेहूबपणा) पाचवं. मी तो क्रम मुद्दाम केलेला आहे असंच धरून चालते.

आता घरच्यांबद्दल. विसाव्या वर्षी मी मावशीचं पोर्ट्रेट केलं, चार दिवस नुसतं शेडिंग. ती बघून म्हणाली, ‘मी रागावलेय का गं?’ मी घाईघाईने ओठांचे कोपरे वर उचलले, तर रागावून हसणारी मावशी तयार झाली. माझ्या सरांनी काही न बोलता भुवईवर पेन्सिल टेकवली. भुवई डोळ्याला दोन मिलिमीटर जास्त खेटली होती. मावशीला भुवई दिसली नव्हती, राग मात्र अचूक दिसला होता. म्हणून घरच्यांना ‘कसं झालंय’ विचारू नका. ‘वय किती वाटतं, कसल्या मूडमध्ये आहे’ असं विचारा. मैत्रिणीला नेमकं विचारा : ‘डोळ्यांची रेषा कुठे असायला हवी?’ मग तिला ‘सराव कर’ म्हणून सुटता येणार नाही. कुणीच नसेल तर आरसा. चित्र आरशात बघून चुका पकडा, असं लिओनार्दो दा विंचीनेही लिहून ठेवलंय.

जाता जाता : हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीवरून पोर्ट्रेट करू नका. जवळून नाक फुगतं, कान मागे पळतात. दोनेक मीटरवरून फोटो घ्या आणि मग तो कापून मोठा करा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ३० सेकंदांची जेश्चर स्केचेस (शरीराचा झोक झटपट टिपणारी) दोनशेच्या वर केली, तरी उभी माणसं पडायला आल्यासारखी दिसतात.

उत्तर : अरे, दोनशे वेळा तू तीच चूक पाठ केलीस! दोऱ्याला किल्ली बांध, झाला ओळंबा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याच्या खळगीसमोर धरलेला दोरा भाराच्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. तू पाठवलेल्या तिसऱ्या स्केचमध्ये तो दोन्ही पावलांच्या बाहेर जातोय, मग बिचारा पडेल नाही तर काय? भाराच्या बाजूची कंबर वर जाते आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. आधी खळगी, मग टेकलेलं पाऊल, मग कंबरेचा आणि खांद्याचा कल. हातपाय नंतर. काही दिवस ३० सेकंदांऐवजी दोन मिनिटं घे. ‘उंची साडेसात डोकी’ (म्हणजे डोक्याच्या साडेसातपट) हे माप सरळ उभ्या माणसाचं, वाकलेल्यावर लावू नकोस.

प्रश्न : दुसऱ्यांच्या चित्रांची नक्कल करून शिकणं ही फसवणूक नाही का?

उत्तर : नाही. व्हॅन गॉगने १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, चार्ल्स बार्गच्या अभ्यासचित्रांच्या नकला करत हात बसवला आणि १८९० मध्ये भावाकडून तीच चित्रं पुन्हा मागवून घेतली. फक्त खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहा. आणि नक्कल झाली की मूळ चित्र झाकून तीच आकृती आठवणीतून काढा. हात अडखळेल तिथं खूण करा, मग झाकण काढून तेवढाच भाग पुन्हा बघा.