टेम्पो तुळजापूरवरून का जातोय? (उत्तर)

तुम्ही विचारलंत की गावांमधला जवळचा रस्ता शोधणारा तुमचा पायथन प्रोग्राम सोलापूर–बार्शी आणि पंढरपूर–बार्शी हे दोन्ही रस्ते लांबून का काढतो. तुमच्या डायक्स्ट्रात, म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता शोधायच्या रीतीत, काही खोट नाही, त्यामुळे तो पुन्हा लिहायला बसू नका. सोलापूरहून बार्शीला निघालेला चादरींचा टेम्पो वैराग सोडून तुळजापूरमार्गे जातो, कारण नेटवर्कएक्स या ग्राफच्या (ठिकाणं आणि त्यांना जोडणारे दुवे यांच्या जाळ्याच्या) लायब्ररीने तुमचे किलोमीटर वाचलेलेच नाहीत. एज (दोन गावांमधला दुवा) टाकताना ॲट्रिब्यूटचं, म्हणजे त्यावरच्या माहितीचं, नाव दिलंय ‘डिस्टन्स’ आणि रस्ता शोधणाऱ्या शॉर्टेस्ट-पाथ फंक्शनला सांगितलंय ‘वेट’. त्या नावाचं ॲट्रिब्यूट एजवर नसलं की ही लायब्ररी चकार शब्द न काढता प्रत्येक एजचं वजन (इथे अंतर) 1 धरते. म्हणजे उरले नुसते टप्पे. वडाळा, वैराग, बार्शी हे तीन आणि तुळजापूर, बार्शी हे दोन. जिंकणार कोण, सांगायला नको.

पंढरपूर ते बार्शी सोलापूरवरून वळसा पडतो, त्याचं कारण वेगळं. तुमच्या एका फाईलमध्ये ‘कुर्डुवाडी’ आहे, दुसरीत ‘कुर्डूवाडी’. आपण दोन्ही लिहितो, पाटीवरही दोन्ही दिसतात. पण पायथनच्या लेखी ती दोन गावं. एज टाकणाऱ्या ॲड-एज फंक्शनला अनोळखी नाव दिलं की ते मुकाट्याने नवा नोड (ग्राफमधलं ठिकाण) तयार करतं, त्यामुळे पंढरपूर एका कुर्डुवाडीला जोडलं गेलं आणि बार्शी दुसऱ्या. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेसही हाच घोळ करते. पिनकोड वापरून सुटका होईल असं वाटत असेल, तर सीएसव्ही फाईलमधून आलेला ‘413001’ हा मजकूर आणि 413001 हा आकडा हेही दोन वेगळे नोड होतात.

माझ्या मते हा लायब्ररीच्या स्वभावाचा दोष आहे. प्रॉम्प्टवर बसून झटपट ग्राफ काढणाऱ्या संशोधकाला ही ढिलाई सोयीची. धंद्याचा डेटा भरणाऱ्याला घातक. एरर आली असती तर तुमचं काम तेव्हाच आटोपलं असतं.

म्हणून ॲड-एजला थेट हात लावू नका. आधी गावांची एक पक्की यादी नोड म्हणून भरा, मग स्वतःचं छोटं फंक्शन लिहा: गाव यादीत नसेल किंवा अंतर दिलं नसेल तर तिथेच थांबायचं. भरून झालं की नोड मोजा. यादीपेक्षा एक जरी जास्त निघाला तर भूत सापडलं.

नोडची माहिती वाचायची ‘जी-डॉट-नोड’ ही रीत चालत नाही म्हणालात, ते जुन्या ट्यूटोरियलमुळे. नेटवर्कएक्सच्या 2017 च्या 2.0 आवृत्तीत बरंच बदललं आणि 2.4 मध्ये ते काढूनच टाकलं. आता ‘नोड्स’ लिहा. चित्रात गावांच्या जागी चौकोन येतात, कारण चित्र काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

आयग्राफ या दुसऱ्या ग्राफ-लायब्ररीवर जायची घाई नको. वेग मिळेल, पण तिथे नोडना क्रमांक असतात आणि मधला एक काढला की पुढचे सगळे सरकतात. एका जिल्ह्याच्या गावांना तेवढा वेग लागतच नाही.

एवढं करूनही पंढरपूर–बार्शी सोलापूरवरूनच आलं, तर एजची फाईल इथे टाका.