पाईप घालूनही रान उपळतंय: मुरूम किती फुटांवर आहे ते आधी बघा

दादा, जिप्सम टाकलं, ३ फुटांवर सच्छिद्र पाईप घातले, तरी सरीत ओल हटत नाही आणि वर पांढरा क्षार फुटतोय, हे तुमचं वाचलं आणि माझं वाळव्याकडचं रान डोळ्यांपुढं आलं. मी इंजिनिअर नाही, ऊसवाला आहे. प्रत्येक रान वेगळं, तेव्हा माझं तपासूनच घ्या.

माझ्याकडं वर साडेचार फूट काळी चिकण, खाली मुरूम. एका कार्यालयानं वरच्या फुटाभराची माती नेली आणि ३ फुटांवर पाईप घालायचा आराखडा हातात दिला. मी म्हटलं, एक खड्डा काढून बघूया. ते म्हणाले, "अहवालात सगळं आहे." विहिरीच्या कडेला मुरूम कुठं लागतो हे मला ठाऊक होतं, तरी मी सही केली. तीच चूक सगळ्यांत महाग पडली. दोन हंगामांचा ऊस पिवळा पडला. थरच बघायचे नाहीत तर आराखडा कशाचा काढता? आजही संताप होतो.

शेवटी जेसीबीनं ६ फूट खड्डा घेतला. चिकणीतून थेंब नाही. मुरूम लागला तसं पाणी आलं आणि सकाळपर्यंत वर दीड फुटावर येऊन थांबलं! म्हणजे माझं पाणी वरून मुरत नव्हतं. वरच्या अंगाच्या पाटाचं पाणी मुरमातून आडवं येऊन खालून दाब देत होतं. चिकणीतले पाईप त्याला काय करणार?

हिशोब असा. समजा ३ फूट चिकणीची वहनक्षमता, म्हणजे पाणी पुढं जाऊ द्यायची ताकद, दिवसाला १ इंच, खालच्या ३ फूट मुरमाची १०० इंच. दोन्ही थर मिळून उभी वहनक्षमता जेमतेम २ इंच, कारण घट्ट थर अडवतो. आडवी मात्र ५० इंच, कारण मोकळा थर वाट देतो.

मी वरच्या बांधालगत मुरमात पोचणारा एकच आडवा चर काढून पाईप ओढ्याला सोडला. तोंड ओढ्याच्या पाण्याच्या वर ठेवा, पाईपला फिल्टर कापड गुंडाळा, आणि खालच्या शेतकऱ्याला आधी विचारा. जिप्सम त्यानंतर, तेही जमीन खरंच चोपण, म्हणजे सोडियम साठलेली, असेल तरच; जिप्समनं सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नसेल तर ते पैसे मातीत.

सबसॉयलरच्या, म्हणजे खोल माती फोडणाऱ्या अवजाराच्या, नादी आता लागू नका, ओल्या काळ्या रानात तो नुसता चिखल कापतो.

खड्डा घ्या. पाणी कुठल्या फुटाला लागलं, रात्रीत किती चढलं आणि वरच्या अंगाला पाट आहे का, एवढं लिहा.