चिनी सुलेखनकार वांग शीझीच्या 'लानतिंग' प्रस्तावनेचं (एका कवितासंग्रहाला त्याने लिहिलेल्या प्रास्ताविकाचं) मूळ हस्तलिखित कुठल्या संग्रहालयात आहे?

कुठल्याच नाही, इ.स. ३५३ मधलं मूळ हस्तलिखित हरवलंय, आपण छायाचित्रांत पाहतो त्या सगळ्या नंतरच्या नकला. तांग सम्राट ताइझोंगला वांगच्या अक्षराचं इतकं वेड होतं की मूळ प्रत त्याच्यासोबत थडग्यात पुरली, असं परंपरेने सांगितलं जातं. सुदैवाने त्याने आधीच दरबारी जाणकारांकडून नकला करवून घेतल्या होत्या. त्या जाणकारांपैकी फेंग चेंगसूच्या नावावर असलेली नक्कल बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे. सुलेखनाची आवड असेल तर तिची मोठी छापील प्रत मिळवाच. २८ उभ्या ओळी, ३२४ अक्षरं. खाडाखोड आणि मागाहून ओळींमध्ये घातलेली अक्षरंसुद्धा जशीच्या तशी. वांगच्या नावातलं शेवटचं 'झी' हे अक्षर त्यात वीसेक वेळा येतं, आणि दरवेळी त्याचं वळण निराळं: कुठे कुंचला दाबलेला, कुठे नुसता घसरत पुढच्या अक्षराकडे गेलेला. चीनमध्ये सुलेखनाला चित्रकलेच्या तोडीचं का मानतात, ते इथे डोळ्यांना दिसतं. मात्र एक लक्षात घ्या: हे लेखन वांगचंच का, यावरही वाद आहे. १९६५ मध्ये चिनी अभ्यासक ग्वो मोरुओ यांनी ते नंतरच्या काळातलं असल्याचं ठामपणे मांडलं होतं.