कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात : आधी भरतीची वेळ, मग रस्त्याची

प्रश्न : ताई, डिसेंबरच्या शेवटी मुलांना सुट्टी आहे. पुण्याहून कॅरॅव्हॅन भाड्यानं घेऊन सात दिवस किनाऱ्यानं जायचा बेत आहे. मालवणला सुरुवात, अलिबागला शेवट आणि वाटेतले सगळे जलदुर्ग. मी, पत्नी, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि ७२ वर्षांची आई. आईचे गुडघे दुखतात, पण तिला सिंधुदुर्ग बघायचाच आहे. गाडी समुद्राकाठी वाळूवर लावून रात्री तिथंच झोपायची मुलांची हौस आहे. हे सगळं जमेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बेत छान आहे, पण त्यातला निम्मा किनारा आत्ताच सोडून द्या. सात दिवसांत मालवण ते अलिबाग गाडी पोचेल, आईंना मात्र कोकण खिडकीतूनच बघावं लागेल. माझं माहेर मालवणचं आणि सासर कोल्हापूरचं, त्यामुळं ही ये-जा माझ्या अंगवळणी पडलेली आहे. सात दिवसांना विजयदुर्ग ते मालवण एवढा पट्टा भरपूर झाला.

कारण सांगते. नकाशात किनारा सरळ दिसतो, प्रत्यक्षात थोड्या थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. रत्नागिरीच्या उत्तरेला किनारा धरून जायचं तर जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, बागमांडला-वेश्वी आणि दिघी-आगरदांडा अशा जंगलजेट्यांनी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटींनी, खाड्या ओलांडाव्या लागतात. मोठ्या गाड्या त्यांवर चढतात, प्रश्न तो नाही. कॅरॅव्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असतो आणि त्याखालीच सांडपाण्याचा पाइप असतो. ओहोटीला बोट खाली बसते, उतार उभा होतो आणि नेमका तो पाइप खरवडतो. तिथं जायचं तेव्हा पाणी वर असताना जा. विजयदुर्ग ते मालवण या भागात खाड्यांवर पूल आहेत, गाडीतून उतरायलाही लागत नाही.

आता किल्ले. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आपला पन्हाळा आहे आणि समुद्राकडचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार आहेत. मुलांना निघायच्या आधी एकदा पन्हाळा दाखवून आणा, म्हणजे डोंगरावरचा किल्ला आणि पाण्यातला किल्ला यांतला फरक त्यांचा त्यांनाच कळेल. सुवर्णदुर्ग आणि खांदेरी पुढच्या खेपेला, मुरूड-जंजिऱ्याबरोबर.

घाट कोणता, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही असं वाटतं, पण एवढ्या उंच गाडीचं गणित वेगळं आहे. भुईबावड्यानं जाऊ नका, वळणं अरुंद आहेत. राधानगरीवरून दाजीपूर आणि मग फोंडा घाट उतरा. ट्रकची सतत वर्दळ असते, त्यामुळं तुमच्या चालकाला समोरून येणाऱ्याचा अंदाज येईल. दाजीपूरच्या जंगलात तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. गव्यांसाठीच राखलेलं जंगल आहे ते, १९५८ पासूनचं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. म्हणून कोल्हापूर पहाटे सोडा आणि घाट उजेडात उतरा. फोंड्याहून महामार्गावर येऊन तळेऱ्याला विजयदुर्गचा फाटा धरायचा.

पहिला मुक्काम विजयदुर्ग, आणि तोही आईंसाठी. या किल्ल्याला तिन्ही बाजूंनी पाणी असलं तरी दरवाजापर्यंत जमिनीवरून जाता येतं, होडी लागत नाही. एकामागे एक तीन तटबंद्या आहेत. आई पहिल्या दरवाजापाशी बसल्या तरी त्यांना खाडीचं तोंड दिसेल. याच खाडीत १७५६ साली इंग्रज आणि पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळालं. मुलाला वाघोटण खाडीकाठची आंग्र्यांची गोदी नक्की दाखवा. जहाज दुरुस्तीला आत कसं घेत असतील, हा विचार त्याला स्वतःला करू दे.

तिथून देवगड, कुणकेश्वर. कुणकेश्वरला खडकांवर कोरलेली शिवलिंगं ओहोटीला उघडी पडतात, भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल. सगळ्या सहलीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच, म्हणून जरा थांबून सांगते. कोकणात दिवसाचं वेळापत्रक घड्याळावर नाही, तिथीवर ठरतं. भरतीची वेळ काढायला आमच्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. वद्य पक्षातही तिथीचा तोच आकडा धरायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ठोकळ हिशेब आहे, पण कालनिर्णय भिंतीवर असलेल्या कुठल्याही घरात तो करता येतो. तुमच्या सुट्टीत अमावास्या किंवा पौर्णिमा येत असेल तर कुणकेश्वरला संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, पाणी उतरलेलं असेल. अष्टमीच्या आसपास असाल तर दुपारी.

वाळूवर गाडी लावायची हौस मात्र मोडा, मुलांना मी सांगितलं म्हणून सांगा. ओहोटीला दिसते ती रुंद, टणक वाळू रात्रीच्या भरतीत पाण्याखाली जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण नेहमीची रेघ ओलांडून वर येतं. एवढ्या वजनाची गाडी एकदा रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. दुसरं, मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पहाटे रापण ओढतात. होडी जाळं पाण्यात सोडून अर्धवर्तुळ घालून येते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं तासन्‌तास ओढत मागे मागे सरकतात. त्यांच्या सरकायच्या वाटेत गाडी उभी असली तर सकाळची कमाई बुडते. तिसरं, नोव्हेंबर ते मार्च हा कासवांच्या विणीचा काळ. मादी रात्री वाळूत येते आणि उजेड दिसला तर परत फिरते. तेव्हा गाडी माडाच्या बागेत किंवा एखाद्या घरगुती निवासाच्या अंगणात लावा, आधी फोन करून, ठरलेले पैसे देऊन. तिथून चटई घेऊन वाळूवर जा, रात्री उशिरापर्यंत बसा, पण टॉर्च बंद ठेवून. मुलांना तेच जास्त आवडेल.

आचऱ्यावरून जाताना एक चौकशी करा. तिथं काही वर्षांनी गावपळण असते. रामेश्वराचा कौल मिळाला की सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. ती बहुधा डिसेंबरातच येते. त्या दिवसांत गावात मुक्काम मिळणार नाही.

मालवणला तीन रात्री ठेवा. नाताळ ते ३१ डिसेंबर बाजारपेठेच्या रस्त्यात रिक्षासुद्धा अडकते, म्हणून कॅरॅव्हॅन गावाबाहेर ठेवून धक्क्यापर्यंत रिक्षानं जा. देवबागला तर गाडी नेऊच नका. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. रस्त्याला दोन्हीकडून चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं), वर माडाच्या झावळ्या आणि विजेच्या तारा. आत गेलेली गाडी वळवायला जागा सापडत नाही.

सिंधुदुर्गची होडी सकाळी पहिली धरा. पाणी भरलेलं असताना होडी धक्क्याच्या वरच्या पायरीशी लागते आणि आई हात धरून सहज चढतील. ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथून चढणं तरुणालाही जड जातं. त्यामुळं सकाळी भरती येईल असा दिवस तिथी बघून निवडा. किल्ला कुरटे बेटावर सपाटीला आहे, डोंगर चढायचा नाही. तटावर आईंनी जाऊ नये, पण शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत सावकाश चालत जाता येतं. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ, आतली शिवरायांची मूर्ती नावाड्याच्या टोपीतली. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचं पाणी भर समुद्रात गोडं कसं, हे मुलगी विचारेलच. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, ते बेटाखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं.

आणि हे घरी सांगा, कारण कोल्हापुरात फार कुणाला आठवत नाही : शिवरायांनी १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला पुढं करवीर छत्रपतींकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी घेतला, परत दिला, आणि १८१२च्या तहात मालवणसकट कायमचा गेला. आपण परक्या मुलखातला किल्ला बघायला जात नाही.

परतीला सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज. हाही घाट दिवसाच.

गाडी ठरवताना मालकाला विचारा : चालक कुठं झोपणार? पाच माणसांच्या गाडीत तो सहावा असतो आणि दिवसभर घाट चालवलेल्या माणसाला पुढच्या सीटवर झोपवणं धोक्याचंही आहे आणि माणुसकीला धरूनही नाही. त्याच्यासाठी प्रत्येक मुक्कामी खोली घ्या. संडासाची टाकी किती दिवसांत भरते आणि ती कुठं रिकामी करायची, हे लिहून घ्या. खाडीत किंवा ओढ्यात सोडायची नाही, त्याच खाडीत लोक खायला कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) काढतात. मुक्कामाच्या घरी शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी आहे का ते आधी विचारा.

प्रश्न : आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला जातोय. किल्ल्यावर होडी मिळेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मिळेल असं धरून जाऊ नका. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, म्हणजे ताजी मासळीही फारशी नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाता आलं तर बघा. तारीख बदलणं शक्य नसेल तर विजयदुर्ग करा, तो पायी बघता येतो.

प्रश्न : कॅरॅव्हॅनमध्ये गॅस असतो. घाटात तो सुरक्षित राहतो का? मासे आत शिजवावेत का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : गाडी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करायचा आणि सिलिंडर पट्ट्यानं आवळलेला आहे हे हातानं ओढून बघायचं, रोज, चालकावर न सोडता. स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवी. भात-आमटी आत करा. मासे तळायचे तर यजमानांच्या पडवीत किंवा अंगणातल्या चुलीवर, कारण गादी-पडद्यांत बसलेला तेलाचा वास सहल संपेपर्यंत जात नाही. बहुतेक ठिकाणी घरातली काकी स्वतःच तवा मागून घेईल आणि तिरफळ हा कोकणी मसाला कशात घालायचा, कशात नाही, तेही सांगेल. बांगड्याच्या तिखल्यात (तिखट कालवणात) घालायचा, सुरमई तळताना नाही.