जाहिरात दिसली की घेतल्याशिवाय राहवत नाही

"मॅडम, माझा स्वतःवर ताबाच नाही का हो?" खरेदीच्या सवयीबद्दल बोलायला येणारे बहुतेक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतात. पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा त्यात शरमच जास्त असते. त्यातल्या एका ताईंची हकिकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी चांगली, डोक्यावर कर्ज नाही. पण कपाटात चेहऱ्याला लावायच्या क्रीम आणि सीरमच्या बाटल्यांची रांग, आणि निम्म्यांचं सीलही फोडलेलं नाही. घरचे म्हणायचे, "मनाला जरा आवर घाल." तेही करून झालं होतं. काही दिवस निभायचं, मग पुन्हा ऑर्डर.

खरेदी बंद करा, असं मी म्हटलंच नाही. ऑर्डर देण्याआधीचा तासभर कसा गेला, एवढंच वहीत लिहायला सांगितलं. वहीतून निघालं ते दोघींच्याही ध्यानीमनी नव्हतं. बहुतेक ऑर्डरी व्हिडिओ मीटिंग संपल्यानंतरच्या होत्या. मीटिंगमध्ये बोलणाऱ्याकडे त्यांचं लक्ष कमी, स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे जास्त. डोळ्यांखाली काळं दिसतंय, कपाळावर रेघा आल्यात. ती खंत घेऊन फोन हातात घ्यायचा, तर तिथे त्याच रेघांवरचा उपाय हजर.

जाहिरातीची ही जुनी रीत आहे: आधी उणीव दाखवायची, मग वस्तू. आज चूळ भरायला वापरतात ते लिस्टरिन १८७९ मध्ये जंतुनाशक म्हणून आलं. १९२० च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी तोंडाच्या वासामुळे लग्न जमत नाही, लोक दूर पळतात, अशी धास्ती घातली आणि खप कुठल्या कुठे गेला. वास काही त्या दशकात नव्याने येऊ लागला नव्हता.

"पण ते सीरम मला सगळीकडे दिसतं. म्हणजे लोक वापरत असणारच ना?" हा त्यांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. एकदा त्या वस्तूचं पान उघडलं, की त्या भेटीची नोंद राहते आणि तीच जाहिरात पुढे बातम्या वाचताना, व्हिडिओ बघतानाही मागे लागते. त्या ज्याला 'सगळीकडे' म्हणत होत्या, ते बरंचसं त्यांच्याच फोनपुरतं होतं. शिवाय नुसतं पुन्हा पुन्हा दिसण्याचाही परिणाम होतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं, की अर्थहीन शब्दसुद्धा वारंवार नजरेखालून गेले की लोकांना ते बरे वाटू लागतात. तिथे सीरमची काय कथा!

एका भेटीत त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला. वर लाल अक्षरांत उलटी मोजणी चालू: सवलत संपायला ११ मिनिटं. शेजारी काट मारलेली मोठी किंमत, खाली ठळक छोटी. ती काट मारलेली किंमत कुणी कधी मोजली होती का, कोण जाणे. पण मनाने एकदा तो आकडा धरला की खालचा आकडा स्वस्तच वाटतो. आम्ही काहीही न करता गप्पा मारत बसलो. मोजणी शून्यावर आली. पान पुन्हा उघडलं, तर घड्याळ नव्याने सुरू! ताई आधी हसल्या, मग चांगल्याच चिडल्या. त्या चिडण्याचा मला मनापासून आनंद झाला, कारण तोवर त्यांचा सगळा राग स्वतःवरच होता.

अर्थात, युक्ती कळली म्हणून ओढ जात नाही. मला तर ज्ञानापेक्षा अडथळ्यांचाच भरवसा जास्त वाटतो. मीटिंगमध्ये स्वतःचा चेहरा दिसणार नाही अशी सेटिंग त्यांनी केली. ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाकला, म्हणजे दर वेळी उठून पर्स शोधणं आलं. घ्यावंसं वाटलं की वहीत नाव लिहायचं आणि आठवड्याने तेच पान उघडायचं. बरीच नावं तोवर त्यांच्या लक्षातही नसायची. एक मॉइश्चरायझर मात्र आठवड्यानंतरही हवंसं वाटलं, ते त्यांनी घेतलं. रोज वापरतात.

ताईंचं एवढ्यावर निभावलं. पण खरेदी घरच्यांपासून लपवावी लागत असेल, हप्ते थकत असतील, थांबायचं ठरवूनही हात थांबत नसेल, तर वही आणि सेटिंग पुरत नाहीत. तिथे मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, कारण या खरेदीखाली कधी कधी नैराश्य किंवा चिंतेचा आजार दडलेला असतो आणि त्यावर उपचार आहेत.